मोठ्या जातीचं पिल्लू घरी आणताय? मग वाढीची घाई नको

खंड्या घरी आला त्या दिवशी त्याचं वजन होतं 4 किलो 800 ग्रॅम. वय आठ आठवडे आणि तीन दिवस. किराणावाल्याकडची पाच किलो तांदळाची पिशवीसुद्धा त्याच्यापेक्षा जड. आईने त्याला मांडीवर घेतलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगदीच वाळलंय रे लेकरू. आता बघ, महिन्याभरात कसं गुबगुबीत करते."

त्याच घटकेला मला आमचा जुना जर्मन शेफर्ड आठवला. तो आला तेव्हा मी कॉलेजात होतो. ज्या दुकानातून तो आणला तिथल्या माणसाने पिशवीत कॅल्शियमच्या दोन बाटल्या घातल्या होत्या. "मोठा कुत्रा आहे, हाडं मजबूत व्हायला पाहिजेत." आम्ही मनापासून पाजलं. जोडीला दूध, अंडी, पोळी, मटणाचा रस्सा. सहा महिन्यांचा असताना गल्लीतले लोक थांबून बघायचे, एवढा थोराड दिसायचा. चौथ्या वर्षी त्याला जिना चढवेना. कॅल्शियममुळेच तसं झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, खुब्याचा दोष बराचसा आनुवंशिकही असतो. पण त्याच्या सांध्यांवरचा भार आम्ही नक्की वाढवला होता, आणि तोही प्रेमाने.

म्हणून या लेखात पट्टा-भांड्यांच्या यादीपेक्षा जास्त जागा एकाच गोष्टीला दिली आहे: लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, शेफर्ड, रॉटवायलर, डोबरमन, ग्रेट डेन यांसारख्या पिल्लांना सावकाश वाढू द्यावं लागतं. पॉमेरेनियन किंवा पग आठ-दहा महिन्यांत पूर्ण वाढतो. लॅबची हाडं पक्की व्हायला साधारण सव्वा ते दीड वर्ष जातं, ग्रेट डेनला त्याहूनही जास्त. तोवर लांब हाडांच्या टोकांना वाढीचा कूर्चेचा थर मऊच असतो, आणि सगळं वजन त्याच्यावर येत असतं.

आणण्याआधी

विकणारा हमखास म्हणणार, "पंचेचाळीस दिवसांचं झालंय, घेऊन जा." नाही म्हणा. 2017 च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू आपल्या भावंडांकडून एक फार मोलाची गोष्ट शिकतं. जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ थांबतो. हे शिकायच्या आधीच उचलून आणलेलं पिल्लू पुढे तुमच्या हातांवर तो धडा गिरवतं. पाच किलोच्या जबड्याने गिरवलं तर ठीक, पंधरा किलोच्या जबड्याने नको.

पिल्लाची आई बघायला मागा. "आई गावाकडच्या फार्मवर आहे" असं उत्तर आलं तर तिथून निघा. आई दिसली की तिचं चालणं बघा, अनोळखी माणसाकडे ती कशी येते तेही बघा. आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, हे विचारायला लाजू नका. बहुतेक जण तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघतील. ज्याने फाइल काढून दाखवली त्याच्याकडून पिल्लू घ्या. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद म्हणजे वंशावळीची नोंद, तब्येतीची हमी नव्हे. या दोन्हींची गल्लत फार होते.

जात निवडताना हवामानाचा विचार करा. सेंट बर्नार्ड ही आल्प्सच्या बर्फातली जात आहे, तिला नागपूरच्या मे महिन्यात आणणं म्हणजे शिक्षा. एसी लावून ठेवू म्हणणारे लोक वीज गेल्यावर काय करणार असतात, कोण जाणे. (आपल्या मातीतला मोठा कुत्रा हवा असेल तर कारवान आहे. मराठवाडा-सोलापूरकडचा, उंच, सडपातळ, उन्हाला सरावलेला. पण तो पळणारा शिकारी कुत्रा आहे, टू बीएचकेत तो कंटाळेल.)

घरात एक बैठक घ्या आणि सकाळी साडेसहाला कोण उठणार ते ठरवा. मुलं "मी, मी" म्हणतील, त्यांचा आवाज हिशेबात धरू नका. पूर्ण वाढलेल्या लॅबला दिवसाला साधारण 300 ते 400 ग्रॅम कोरडं खाणं लागतं, म्हणजे महिन्याला दहा-बारा किलो, आणि हे दहा-बारा वर्षं चालणार. सोसायटीतल्या लोकांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. तरी शेजारच्या काकूंना कुत्र्याची भीती वाटत असेल तर कायद्याचा कागद दाखवण्यापेक्षा पिल्लू लहान असतानाच त्यांची ओळख करून दिलेली चांगली. महापालिकेचा परवाना काढावा लागतो, त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला लागतो. तो पिल्लू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर.

घराची फरशी

पिल्लू आणण्याआधी बहुतेक लोक बिछाना विकत घेतात. मी म्हणेन, आधी फरशीकडे बघा. आपल्या घरांत आता सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. त्यावर पिल्लू पळायला लागलं की मागचे पाय बेडकासारखे दोन्ही बाजूंना फाकतात. आपल्याला गंमत वाटते, आपण व्हिडिओ काढतो. त्या प्रत्येक घसरण्यात खुब्याचा सैल सांधा ताणला जातो.

महागाचं काही लागत नाही. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, भांड्यापासून बिछान्यापर्यंत आणि तिथून गॅलरीपर्यंत, म्हणजे त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, रबरी मॅट टाका. आम्ही दोन जुने योगा मॅट कापून पट्ट्या केल्या होत्या. सतरंजी स्वतःच सरकते, तिच्याखाली जाळीचं रबर घाला. पंजांची नखं आणि बोटांमधले केस दर दोन आठवड्यांनी कापा. नखं फरशीवर टकटक वाजायला लागली म्हणजे कापायची वेळ झाली.

मग गुडघ्यांवर बसा आणि पिल्लाच्या उंचीवरून घर बघा. मोबाइलच्या चार्जरची वायर, कपाटाखाली गेलेली डांबरगोळी, सिंकखालचं उंदराचं औषध, मुलाचा खोडरबर, आजोबांच्या गोळ्यांचं पाकीट. गॅलरीतल्या कुंड्यांत कण्हेर, सायकस किंवा डिफेनबॅकिया असेल तर त्या वर टांगा किंवा कुणाला तरी देऊन टाका. कण्हेर आणि सायकस जीवघेणे ठरू शकतात. गॅलरीच्या गजांमधून डोकं जातंय का तेही बघा, जात असेल तर जाळी लावा.

पहिली रात्र

आणायला सकाळी जा, म्हणजे नवं घर बघायला त्याला अख्खा दिवस मिळेल. निघताना आईच्या अंगाचा वास लागलेलं फडकं मागून घ्या, आणि तिथे जे खाणं चालू होतं तेच आठवडाभराचं बरोबर आणा. खाणं बदलायचं असलं तरी सात-आठ दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला.

घरी पोचल्यावर आधी शू करायच्या जागेवर न्या, मग आत. ओवाळायचं असेल तर ओवाळा, आमच्याकडेही आईने ओवाळलं, फक्त निरांजन लांबून. पण शेजारीपाजारी, चुलतभाऊ, मुलांचे मित्र यांची रीघ पहिल्या दिवशी नको. पिल्लू दिवसाला अठरा ते वीस तास झोपतं. झोप मोडली की ते चिडकं होतं, आणि आपल्याला वाटतं जातच खोडकर आहे.

रात्री ते रडणार. "रडू दे, सवय होईल" असं सांगणारे बरेच भेटतील. मला ते पटत नाही. कालपर्यंत सात भावंडांच्या ढिगात झोपणारं लेकरू आहे ते. पहिले सहा-सात दिवस त्याचं खोकं किंवा पिंजरा आपल्या अंथरुणाशेजारी ठेवा आणि हात खाली सोडून झोपा. मी हॉलमध्ये गादी टाकून झोपलो होतो. रात्री दीड वाजता आणि साडेचारला उठवून खाली नेलं. नवव्या रात्री तो सलग पाच तास झोपला. पलंगावर मात्र घेऊ नका, निदान लहानपणी तरी. पलंगावरून उडी मारणं हे पुढच्या पायांच्या हाडांना चांगलं नाही, आणि तीस किलोचा झाल्यावर त्याला उतरवणं तुम्हाला जमणार नाही.

ताटातलं गणित

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे गुबगुबीत म्हणजे सुदृढ. बाळ असो, वासरू असो, पिल्लू असो. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या बाबतीत हे समीकरण साफ चुकतं.

आधी कॅल्शियम. पूर्ण वाढलेला कुत्रा जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवू शकतो, लहान पिल्लाला ते नीट जमत नाही. पाच-सहा महिन्यांपर्यंत पोटात गेलेल्या कॅल्शियमचा मोठा हिस्सा शरीरात शिरतोच. जास्तीचं कॅल्शियम हाडांच्या नैसर्गिक घडणीत अडथळा आणतं, कूर्चा नीट पक्की होत नाही, पाय वाकडे होऊ शकतात. ग्रेट डेनच्या पिल्लांवरच्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं आहे. अमेरिकेतल्या पशुखाद्याच्या मानकांत मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाण्याला कॅल्शियमची कमाल मर्यादा आहे, कोरड्या वजनाच्या 1.8 टक्के. पिशवीवर "लार्ज ब्रीड पपी" असं लिहिलेलं खाणं घ्यायचं ते यासाठी. त्यात उष्मांक आणि कॅल्शियम दोन्ही बेताचं असतं. असं पूर्ण खाणं चालू असेल तर वरून कॅल्शियमची बाटली, पावडर, "बोन टॉनिक" यातलं काहीही लागत नाही. कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

घरचंच खायला घालायचं असेल तर गोष्ट उलटी होते. नुसता भात-चिकन किंवा दूध-पोळी यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण बिघडलेलं असतं, आणि कमतरतेनेही हाडं ठिसूळ होतात. तेव्हा पशुवैद्याकडून ग्रॅमच्या हिशेबात आहार लिहून घ्या आणि त्याने सांगितलं तेवढंच कॅल्शियम घाला. अंदाजपंचे नको. पहिलं वर्ष तयार खाण्यावर काढावं आणि घरचं जेवण पुढे सुरू करावं, असं माझं मत. शाकाहारी घरात मांस शिजवण्याचा प्रश्नही त्याने आपोआप सुटतो हा एक फायदाच. दुधाबद्दल एवढंच की बऱ्याच पिल्लांना ते पचत नाही. दोन दिवस पातळ शी झाली की घरातले म्हणतात "लस बाधली", आणि कारण असतं सकाळची वाटीभर साय-दूध.

किती द्यायचं? पिशवीवरचा तक्ता ही फक्त सुरुवात. खरं माप तुमच्या हातात आहे, अगदी शब्दशः. मूठ आवळा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. पिल्लाच्या फासळ्या अशा लागल्या तर ते रोडावलंय. आता मूठ उघडून तळहाताच्या मऊ भागावरून बोट फिरवा. फासळ्या अशा लागल्या, म्हणजे शोधाव्या लागल्या, तर चरबी चढली. हात उताणा नको, पालथा सरळ धरा आणि बोटांच्या मुळांवरून बोट फिरवा. हाडं दिसत नाहीत पण लगेच लागतात. असं पिल्लू बरोबर. वरून बघितलं की कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आमच्या आईला ही खूण पटायला दोन महिने लागले. "कंबर काय बघायची, सिनेमात काम करायचंय का त्याला?"

तिला शेवटी पटवलं ते एका जुन्या प्रयोगाने. प्युरिना कंपनीने 48 लॅब्राडोरवर तो केला होता. जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं, आणि हे जन्मभर चालवलं. 2002 साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणारे सरासरी जवळपास पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. आई म्हणाली, "दोन वर्षं? मग दे बाई कमी."

लॅब घेतलेल्यांसाठी आणखी एक. तो तुमच्याकडे कायम उपाशी असल्यासारखा बघणार. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की लॅब्राडोरमधल्या जवळपास दर चारांपैकी एकाच्या पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो, आणि अशा कुत्र्यांचा ओढा खाण्याकडे जास्त असतो. तेव्हा त्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. वाटी मोजा.

तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. एकदाच भरपूर कधीच नको. डेन, शेफर्ड, डोबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो काही तासांत जिवावर बेततो. जेवणाआधी आणि नंतर तासभर दंगा बंद. पोट टरारलंय, उलटीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही, कुत्रा अस्वस्थ फिरतोय, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.

आणि स्वयंपाकघरातल्या या गोष्टी अजिबात नकोत: कांदा-लसूण (म्हणजे फोडणीची आमटी, रस्सा, भजी सगळंच आलं), द्राक्षं आणि मनुका, चॉकलेट, शुगर-फ्री गोळ्यांतलं झायलिटॉल, शिजवलेली कोंबडीची हाडं. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका लोकांच्या ध्यानातच येत नाहीत. सत्यनारायणाच्या दिवशी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

जिना, उड्या आणि फिरणं

नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला. जन्मापासून तीन महिन्यांपर्यंत जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या दोषाचा धोका जास्त दिसला, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत कमी. म्हणजे घरात कोंडून ठेवा असं नव्हे. माती-गवतावर स्वतःच्या मर्जीने पळू द्या, थकलं की बसू द्या.

तीन महिन्यांपर्यंत जिन्यावरून उचलूनच न्या. एक हात छातीखाली, एक हात मागच्या मांड्यांखाली; बगलेत धरून लोंबकळवू नका. पुढे जड झालं की पट्टा धरून एकेक पायरी, सावकाश. गाडीत स्वतः उडी मारून चढू देऊ नका. पट्ट्याला बांधून रस्त्यावर चालवण्याचा एक ठोकताळा आहे: वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं. चार महिन्यांचं असेल तर वीस मिनिटं. हा काही शास्त्रातला नियम नाही, पण नवख्याला धरून चालायला बरा. दीड वर्षापर्यंत जॉगिंग, सायकलबरोबर धावणं आणि डांबरी रस्त्यावर चेंडूमागे सुसाट पळवणं बंद.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला भाजलं तर त्यालाही भाजतं.

मध्येच एखाद्या पायाने लंगडायला लागलं, चार दिवसांनी दुसऱ्याच पायाने, असंही सहा-आठ महिन्यांच्या आसपास होतं, शेफर्डमध्ये विशेष. बऱ्याचदा ते वाढीचं दुखणं असतं आणि आपोआप जातं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. माणसांची दुखण्यावरची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखी ठरू शकतात.

लस, जंत, गोचीड

पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवून या. सर्वसाधारण क्रम असा: सहा ते आठ आठवड्यांत पहिली एकत्रित लस (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे), मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटची सोळा आठवड्यांच्या आसपास. रेबीज तीन महिन्यांनंतर. वर्षाने पुन्हा. एवढ्या फेऱ्या का? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लशीला आडवी येते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून शेवटचा डोस चुकवू नका, नेमका तोच लोक चुकवतात. लेप्टोस्पायरोसिसची लसही विचारा. आपल्याकडे पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात तो रोग पसरतो आणि माणसालाही होतो.

पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. त्यामुळे डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, बागेत, भटक्या कुत्र्यांच्या जागी खाली सोडू नका. पण कोंडूनही ठेवू नका, कारण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे दिसतं-ऐकतं ते पिल्लाला जन्मभर "आपलं" वाटतं. यावर तोड एकच, कडेवर घेऊन फिरणं. मी खंड्याला जुन्या साडीच्या झोळीत घालून मंडईत न्यायचो. रिक्षांचे हॉर्न, हेल्मेटवाली माणसं, छत्र्या, लुंगीवाले काका, शाळा सुटल्याचा गोंगाट, पिठाच्या गिरणीचा आवाज, सगळं त्याने झोळीतून बघितलं. गणपतीतल्या ढोल-ताशाची सवय मोबाइलवर, आवाज अगदी बारीक ठेवून, समोर खाऊ टाकत लावली. यातलं काही दिवाळीच्या आधी सुचलं तर फार त्रास वाचतो.

जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, वजन मोजून. गोचिडींकडे दुर्लक्ष नको. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली रोज चाचपून बघा. गोचीडताप इथे सर्रास होतो. खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी गडद झाली तर रक्त तपासायला न्या. गोचिडीवर थेंब द्यायचे की गोळी, हे वय-वजन बघून डॉक्टर सांगतील. गोठ्यात फवारायचं औषध पाण्यात कालवून पिल्लाच्या अंगाला लावणारे मी पाहिलेत. ते करू नका.

नसबंदीचा निर्णय मोठ्या जातीत घाईने घेत नाहीत. फार लवकर केली तर सांध्यांचे त्रास वाढतात असं गोल्डन रिट्रीव्हरसारख्या जातींत दिसलं आहे. बहुतेक डॉक्टर वर्ष उलटल्यावर करायला सांगतात, मादीच्या बाबतीत वेगळा हिशेब असू शकतो.

शी-शू

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, आणि मध्ये दर दोन तासांनी ठरलेल्या जागी न्या. केलं की तिथल्या तिथे खाऊ. घरात केलं तर गुपचूप पुसा. त्यात नाक घासणं, वर्तमानपत्राने मारणं याने ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, म्हणजे सोफ्यामागे करायची. फिनेलपेक्षा व्हिनेगर-पाण्याने पुसलं तर वास नीट जातो. चार महिन्यांपर्यंत बहुतेक पिल्लं शिकतात. खाली रस्त्यावर केलेली शी पिशवीत उचला, सोसायटीतली निम्मी भांडणं तिथेच संपतात.

चावणं आणि उडी मारणं

साडेतीन-चार महिन्यांपासून दुधाचे 28 दात पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत 42 पक्के येतात. या काळात खुर्चीचा पाय, चपला, रिमोट, तुमची पोटरी, सगळं चाललं. फडकं भिजवून पीळ घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि द्या, किंवा गार गाजर. हाताला चावलं की खेळ तिथेच थांबवा, उठून पाठ करा. आणि मुलांना ओरबाडा निघालाच, तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना विचारा. "घरचंच पिल्लू आहे" म्हणून सोडू नका, विशेषतः त्याची रेबीजची लस व्हायची असेल तेव्हा.

उडीचं मात्र पहिल्या दिवसापासून बघा. पाच किलोचं पिल्लू गुडघ्यावर चढलं की आपण वाकून लाड करतो. तेच पिल्लू आठ महिन्यांनी पंचवीस किलोचं होऊन दारात आजीच्या अंगावर झेप घेतं. त्याने काही बदल केलेला नसतो, फक्त वाढलेलं असतं. नियम एकच: चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लागेल. उडी मारली की आपण झाड. बघायचं नाही, बोलायचं नाही, "नको नको" पण नाही. पाय टेकले की लगेच खाली बसून लाड. घरातल्या सगळ्यांनी हे पाळलं पाहिजे, आणि सगळ्यात अवघड जातं ते ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला. आमच्याकडे मीच तो फितूर होतो, हे कबूल.

पट्टा ओढण्याचंही तसंच. ओढला की थांबायचं, सैल पडला की चालायचं. पहिले दोन आठवडे कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत पोचायला अर्धा तास लागतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरा, वाढत जाईल तसा दर महिन्याला सैल करत जा. बगलेत घासून जखम झालेली पिल्लं मी पाहिली आहेत.

दर रविवारी वजन

घरातल्या साध्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग पिल्लू घेऊन. वजा करा आणि कॅलेंडरवर लिहा. आकडा दर आठवड्याला थोडा वर जायला हवा. एकाच आठवड्यात एकदम उडी दिसली तर वाटी थोडी कमी करा, दोन आठवडे आकडा हललाच नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या सिलिंडरची तारीख, दुधाचे खाडे आणि खंड्याचे आकडे एकाच रकान्यात आहेत. जुलैच्या पानावर एका रविवारी नुसतंच "उचलवेना" असं आईच्या अक्षरात लिहिलंय. त्यानंतर आम्ही दवाखान्यातल्या जमिनीलगतच्या मोठ्या काट्यावर वजन करतो. पिल्लू लहान असतानाच, काही दुखत नसताना, दोन-तीनदा त्याला त्या काट्यावर बसवून खाऊ देऊन परत घेऊन या. पुढे तीस किलोच्या कुत्र्याला त्यावर ढकलत चढवायला चार माणसं लागत नाहीत.